बिलावरच्या नावापासून सबसिडीच्या मेसेजपर्यंत : आमच्या गच्चीवरचं सोलर

नोव्हेंबर २०२४ मध्ये हात घातलेलं काम मे २०२५ मध्ये संपलं. काम म्हणजे नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या रो-हाउसच्या गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवणं. पॅनेल प्रत्यक्ष बसायला आठवडाही लागला नाही, बाकीचे महिने कागदांनी खाल्ले. आता वर्षभराची बिलं हाताशी आहेत आणि ओळखीतले लोक फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी, हे करावंसं का वाटलं ते. माझं माहेर नाशिकरोडचं. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लहानपणापासून बघत आलेय. २१० मेगावॅटचे तीन संच, कोळसा मालगाडीने येतो, आणि वारा आमच्या दिशेला असला की वाळत घातलेल्या कपड्यांवर आई बोट फिरवून बघायची. आपण बटण दाबतो तेव्हा कुठेतरी काहीतरी जळतं, हे त्यामुळे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. देशातल्या ग्रिडवरचं एक युनिट वापरलं की सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आमचा वापर महिन्याला तीनशे युनिटच्या घरात, म्हणजे दर महिन्याला दोनशे किलोच्या वर. ओल्या कचऱ्याचं खत आम्ही घरीच करतो, घंटागाडीत सुका कचरा वेगळा देतो, भाजीला पिशवी घेऊन जातो. हे सगळं करावंच, पण त्याने हा दोनशे किलोचा आकडा तसूभरही हलत नाही. तो हलवायचा तर विजेलाच हात घालायला हवा होता.

सोलरच्या आधी आम्ही वापर कमी केला, आणि माझ्या मते क्रम हाच असावा. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा पंखा तीसच्या आसपास. नाशिकमध्ये मार्च ते ऑक्टोबर पंखे थांबतच नाहीत. एकेक करत सगळे बदलले, प्रत्येकी तीन हजारांच्या आतबाहेर पडले. ट्यूबलाइट गेल्या, एलईडी आल्या. माझ्या लग्नाच्या आधीचा फ्रिज होता, तोही निघाला. तीनशेचे अडीचशे युनिट झाले. याचा फायदा नुसता बिलात नाही. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर युनिटचा भाव एकदम दुपटीच्या वर उडी मारतो, त्यामुळे वरची युनिटं वाचली की जास्त पैसे वाचतात. शिवाय सोलर किती किलोवॅटचं लागेल हेही त्यावरच ठरतं. आमच्याकडे आलेल्या एका विक्रेत्याने आधीची बिलं बघून पाच किलोवॅट सुचवलं होतं. आम्ही तीनवर थांबलो.

तीनवर थांबायचं आणखी एक कारण सबसिडीत आहे. 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. चार बसवा की आठ, ७८,००० च मिळणार. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणजे तीनला महिन्याचे साडेतीनशेच्या आसपास. अडीचशेच्या घराला ते पुरून उरतं.

आता कागद.

बिल सासऱ्यांच्या नावावर होतं. ते जाऊन काही वर्षं झाली, पण वीजबिलाचं नाव बदलायचं कोणाच्या डोक्यात येतं? बिल येतं, मोबाइलवरून भरलं जातं, संपलं. सोलरचा अर्ज मात्र ज्याच्या नावावर मीटर त्याच्याच नावाने होतो, आणि सबसिडीही त्याच व्यक्तीच्या बँक खात्यात येते. म्हणजे हयात नसलेल्या माणसाच्या नावावर मीटर असेल तर गाडी पहिल्याच स्टेशनात उभी.

कोणाच्या नावावर करायचं यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. घरपट्टी सासूबाईंच्या नावावर आहे, मग मीटरही त्यांच्याच, असं ठरलं. घरपट्टी, वीजबिल, आधार आणि बँक खातं हे चारही एकाच माणसाचे असले की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. आम्हाला लागलेले कागद : मृत्यूचा दाखला, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, सासूबाईंचं आधार, जुनं भरलेलं बिल, आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. वारस म्हणजे माझा नवरा आणि नणंद. ताई छत्रपती संभाजीनगरला असतात. दिवाळीला त्या आल्या होत्या, भाऊबीज झाली आणि सुट्टी संपून ऑफिसं उघडल्यावर आम्ही तिघं थेट नोटरीकडे गेलो. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा मुद्रांक चालेनासा झालाय, पाचशेचा घ्यावा लागतो. मुद्रांक, टायपिंग आणि नोटरी मिळून हजाराच्या थोडं वर गेलं.

एक साधी गोष्ट सांगते. वारस बाहेरगावी असतील तर त्यांच्या सणाच्या फेरीचा मुहूर्त धरा. सहीसाठी कुरिअर करत बसलात तर महिना तिथेच जातो.

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर केला, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. बारा आकडी ग्राहक क्रमांक लागतो, तो बिलाच्या वरच्या भागात असतो. स्कॅन अंधुक असेल तर अर्ज परत येतो असं ऐकलं होतं, म्हणून मोबाइलच्या फोटोवर न भागवता दुकानातून स्कॅन करून घेतलं. जानेवारीचं बिल सासूबाईंच्या नावाने आलं. त्यांनी ते देवघरात नेऊन ठेवलं. सासऱ्यांचं नाव गेल्याचं थोडं लागलंही असावं, कारण जुनं शेवटचं बिल त्यांनी मागून घेतलं आणि त्यांच्या कपाटात ठेवलं. यावर कोणी काही बोललं नाही.

दरम्यान डिसेंबरमध्ये कोटेशन मागवून घेतली. गच्चीची पाहणी डिसेंबरमध्येच करा असं मी आग्रहाने सांगेन. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, सावल्या वर्षातल्या सगळ्यात लांब पडतात. तेव्हा ज्या जागेवर सावली नाही तिथे एरवीही फारशी येत नाही. आमच्याकडे वास्तुशास्त्राप्रमाणे पाण्याची टाकी नैर्ऋत्येला. दुपारी तीननंतर तिची सावली गच्चीच्या मध्यापर्यंत सरकते. पॅनेल एकमेकांना साखळीने जोडलेले असतात, एकावर सावली पडली तरी बाकीच्यांच्या कामावर परिणाम होतो. खडूने दर तासाला सावलीची कड आखून ठेवली आणि ती रेषा दाखवूनच विक्रेत्यांशी बोलले. एकाने ती रेषा बघून 'चालून जाईल' म्हटलं, त्याला चहा देऊन निरोप दिला.

दुसरी अट सासूबाईंची. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण होणार म्हणजे होणारच. कुरडया, सांडगे, बटाट्याचे पापड, आणि खाली शेजारणींची बैठक. पॅनेल आले की ऊन गेलं, अशी त्यांची समजूत. इथे भूगोल कामाला आला. नाशिक वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढ्याच कोनात बसवतात, आणि त्यांची सावली वर्षाचा बहुतेक काळ उत्तरेला पडते. म्हणून पॅनेल गच्चीच्या उत्तरेकडच्या भागात, टाकीच्या सावलीतून निघतील असे थोडे पूर्वेला सरकवून घेतले. दक्षिणेकडची निम्मी गच्ची वाळवणाला मोकळी राहिली. स्ट्रक्चर उंच केलं, खालून वाकावं न लागता जाता येतं. त्याचे १४,००० जास्तीचे पडले. मला ते जड वाटले होते, पण मे महिन्यात पॅनेलच्या सावलीत बसून बायका समोरच्या उन्हातल्या कुरडयांवर लक्ष ठेवत होत्या, तेव्हा सासूबाईंनी ते पैसे वसूल झाल्याचं जाहीर केलं.

कोटेशन १,७८,००० पासून २,१०,००० पर्यंत आली. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये मेख होती. सबसिडी हवी असेल तर पॅनेल भारतात बनलेल्या सेलचे, भारतात बनलेले लागतात. व्यवहारात त्यांना 'डीसीआर' पॅनेल म्हणतात. ते महाग असतात. स्वस्तवाल्याच्या कागदावर नुसतं '५४० वॅट मोनो पर्क' लिहिलं होतं. डीसीआर आहेत का विचारल्यावर 'मॅडम, क्वालिटी सेम असते' असं उत्तर आलं. क्वालिटी असेलही सारखी, पण ७८,००० जातात त्याचं काय? कोटेशनवर डीसीआर हा शब्द, पॅनेलची आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) कंपनी, वॅट, नग, केबलचा प्रकार, अर्थिंगची संख्या आणि जीएसटी धरून एकूण रक्कम, एवढं लिहून घ्याच.

'आयुष्यभर बिल शून्य' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो. 'सबसिडी आम्ही आधीच वजा करून देतो' असं कोणी म्हणालं तर मात्र हसू नका, नीट विचारा. सबसिडी ग्राहकाच्या खात्यात थेट येते, विक्रेत्याच्या नाही. वजा करून देणारा ती नंतर तुमच्याकडून कशी घेणार, कागदावर काय लिहून घेणार, ते आधी कळू द्या.

आम्ही १,९२,००० चं कोटेशन घेतलं, स्ट्रक्चरचे १४,००० धरून २,०६,०००. विक्रेता यादीवरचा, म्हणजे योजनेच्या पोर्टलवर नोंदणी असलेला हवा. शक्य असेल तर त्याने आधी बसवलेलं एखादं घर बघून या. आम्ही पाथर्डी फाट्याजवळच्या एका घरी गेलो. तिथल्या काकांनी सोलरबद्दल दहा मिनिटं आणि त्यांच्या नातवाबद्दल अर्धा तास सांगितलं, पण जाता जाता कामाची एक गोष्ट बोलले : "पैसे टप्प्यात द्या, शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावरच." नेट मीटर म्हणजे घरात येणारी आणि बाहेर जाणारी वीज दोन्ही मोजणारं मीटर. तसंच केलं. वीस टक्के करार करताना, साठ टक्के माल गच्चीवर आल्यावर, उरलेले मीटर सुरू झाल्यावर.

कर्जाचाही विचार केला होता. तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांचं कर्ज सरकारी बँका तारण न घेता देतात, अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून होतो. त्या सुमाराला व्याज पावणेसात टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे गाडीच्या कर्जापेक्षा पुष्कळ कमी. सासूबाईंची एक मुदत ठेव नेमकी जानेवारीत मोकळी होत होती. "मीटर माझं, तर पैसेही माझेच," असं त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

२० जानेवारीच्या आठवड्यात पोर्टलवर नोंदणी केली. राज्य, वीज कंपनी, ग्राहक क्रमांक, मोबाइल, ओटीपी. सोपं आहे, पण मोबाइल नंबर कोणाचा देताय ते नीट ठरवा. सगळे मेसेज आणि ओटीपी पुढचे चार महिने त्याच नंबरवर येतात. सासूबाईंचा फोन बहुधा गजराच्या घड्याळाशेजारी बंद पडलेला असतो, म्हणून माझा दिला. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणी न करता आपोआप मंजुरी मिळते, त्यामुळे तिथे थांबावं लागलं नाही. आमचा मंजूर भार, म्हणजे घराला मंजूर केलेली विजेची मर्यादा, दोन किलोवॅटचा होता, तो वाढवण्याचं कामही याच अर्जात झालं. मग पोर्टलवर विक्रेता निवडला आणि त्याच्याबरोबर करारावर सही. त्या कराराच्या मसुद्यात पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे असते. ते कलम वाचा, कारण नंतर फोन करताना तेच हाताशी लागतं.

फेब्रुवारीच्या मध्यात कामाला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी फॅब्रिकेशनवाले आले, गच्चीत ड्रिल घेऊन. वॉटरप्रूफिंगला भोकं पाडू द्यायची नव्हती, म्हणून काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत पाय बसवायला लावले. ते वाळायला वेळ द्यावा लागला. दुसरं काम अर्थिंगचं. तीन खड्डे लागतात : एक पॅनेलच्या बाजूला, एक इन्व्हर्टरच्या बाजूला, एक वीजरोधकाला, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याला. आमच्या समोरच्या हातभर अंगणात तीन खड्डे म्हणजे कढीपत्ता, तुळस आणि स्कूटर यांपैकी कोणीतरी हलणार हे नक्की होतं. स्कूटर हलली.

पॅनेल आले त्या दिवशी गल्लीतली मुलं शाळेतून थेट आमच्या गेटवर. सहा पॅनेल, प्रत्येक माणसापेक्षा उंच, दोघांनी धरून जिन्यातून वर न्यायचे. जिना वळतो तिथे काच कठड्याला लागते की काय म्हणून माझा जीव टांगणीला. शेवटी त्यांनी दोर बांधून बाहेरून ओढले. रो-हाउसवाल्यांनी जिन्याचं वळण आधी मोजून ठेवावं. प्रत्येक पॅनेलवर अनुक्रमांक असतो, त्याचे फोटो वर चढवण्याआधी काढून ठेवा. नंतर ते पोर्टलवर भरायचे असतात, आणि एकदा बसल्यावर मागच्या बाजूला वाकून वाचणं म्हणजे मानेचा व्यायाम.

फोटोचीच आणखी एक गोष्ट. बसवलेल्या पॅनेलसोबत ग्राहकाचा फोटो लागतो, त्यावर जागेचे अक्षांश-रेखांश उमटलेले हवेत. ग्राहक म्हणजे सासूबाई. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे. आदल्या दिवशीच त्यांनी इस्त्रीची पैठणी काढून ठेवली. मुलाचा हात धरून, दर चार पायऱ्यांना थांबत वर आल्या. फोटो काढणारा मुलगा म्हणाला, "आजी, थोडं इकडे, सूर्य डोळ्यात येतोय." त्यावर, "येऊ दे की, त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं." सरकारी पोर्टलवर इतका प्रसन्न फोटो दुसरा असेल असं मला वाटत नाही.

महाशिवरात्रीच्या आधी, म्हणजे २६ फेब्रुवारीच्या आत, गच्चीवरचं काम पूर्ण झालं होतं. आणि इथून पुढचा महिना सगळ्यात कंटाळवाणा. समोर पॅनेल चमकतायत, ऊन कडक आहे, आणि वीज मात्र जुन्या मीटरवरूनच. नेट मीटर लागल्याशिवाय सोलर सुरू करायचं नसतं. 'तोवर चालू करून टाका, कोणाला कळतंय' असा सल्ला फुकट मिळतो, तो घेऊ नका. साधं मीटर बाहेर जाणारी वीजही वापरलेली समजून मोजू शकतं, आणि परवानगीशिवाय ग्रिडला जोडणं हा नियमभंग आहेच. शिवाय मार्च म्हणजे वर्षअखेरीची धावपळ, सगळेच त्याच महिन्यात काम संपवायच्या मागे. मीटरची चाचणी, मग जागेवर तपासणी, मग जोडणी. नेट मीटरचे वेगळे पैसे लागले नाहीत. मी आठवड्यातून एकदा पोर्टलवरची स्थिती बघायचे आणि तिचा स्क्रीनशॉट विक्रेत्याला पाठवायचे, सोबत फक्त 'नमस्कार'. भांडण्यापेक्षा हे जास्त चाललं.

२५ मार्चला नेट मीटर लागलं. इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा लागला तेव्हा दुपारचे सव्वाबारा होते, फोनवरच्या ॲपमध्ये २.४ किलोवॅट दिसत होतं. ३० मार्चला गुढीपाडवा, गुढी नेहमीप्रमाणे गच्चीवर, फक्त सावली पॅनेलवर पडणार नाही अशा कोपऱ्यात.

यानंतर सबसिडीचा दावा. सुरू झाल्याचा अहवाल पोर्टलवर चढला की ग्राहकाने बँकेचा तपशील आणि रद्द केलेला चेक भरायचा. सासूबाईंच्या पासबुकावर सासऱ्यांचं नाव पूर्ण होतं, आधारवर नुसतं आद्याक्षर. खात्यावरचं नाव आधारप्रमाणे करून घेण्यात एप्रिलचे काही दिवस गेले. ६ मे रोजी सकाळी माझ्याच फोनवर, भाजी चिरताना, ७८,००० जमा झाल्याचा मेसेज आला. मी मोठ्याने वाचून दाखवला. "व्याजासकट का?" असं देवघरातून विचारलं गेलं.

हिशेब असा : २,०६,००० वजा ७८,०००, म्हणजे १,२८,०००. नावबदलाचे, मुद्रांकाचे, स्कॅनचे किरकोळ खर्च वेगळे. यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये सोलर सामानावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, म्हणजे आता करणाऱ्यांना थोडं स्वस्त पडेल. आमचं आधीचं बिल महिन्याला सरासरी अडीच हजारांच्या आसपास होतं, आता दीडशेच्या आसपास येतं. साडेचार-पाच वर्षांत पैसे निघतील. पॅनेलच्या कामगिरीची हमी पंचवीस वर्षांची आहे, इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी, तेव्हा मधे एकदा इन्व्हर्टरचा खर्च येणार हे धरून चाला.

बिल वाचायला शिकावं लागतं. त्यावर आयात आणि निर्यात असे दोन आकडे येतात. आयात २१०, निर्यात ३१०, तर वापर शून्य आणि १०० युनिट पुढच्या महिन्यात जमा. ॲपवर दिसणारी एकूण निर्मिती आणि बिलावरची निर्यात कधीच जुळत नाही, कारण दिवसा तयार झालेली वीज आधी घरातच खर्च होते आणि उरलेलीच बाहेर जाते. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी यावरून 'आपली वीज चोरतात' असा सिद्धांत मांडला होता, मी त्यांना फ्रिजकडे बोट दाखवलं. जमा युनिटांचा हिशेब ३१ मार्चला संपतो. उरलेली युनिटं ठरलेल्या दराने घेतली जातात, तो दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणूनच गरजेपेक्षा मोठं सोलर बसवून वीज विकून कमवू, हा हिशेब घरगुती ग्राहकाला जमत नाही.

एक गोष्ट विक्रेते दबक्या आवाजात सांगतात. मे २०२५ चा अवकाळी पाऊस आठवत असेल. एका दुपारी वादळ येऊन गेलं, नंतर लख्ख ऊन पडलं, पण वीज गेलेली. गच्चीवर सहा पॅनेल उन्हात, आणि घरात पंखा बंद. सासूबाई पंख्याकडे बघत म्हणाल्या, "मग हे कशाला बसवलं?" ग्रिडला जोडलेलं साधं सोलर वीज गेली की स्वतःहून बंद होतं. ते मुद्दामच तसं केलेलं असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या घरातून गेलेल्या विजेचा झटका बसेल. वीज गेली तरी सुरू राहावं असं वाटत असेल तर बॅटरीचं हायब्रीड घ्यावं लागतं, खर्च पुष्कळ वाढतो. लाइनमनचं कारण ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हां, मग बरोबर आहे," आणि पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या.

निर्मितीबद्दलही एक समज मोडला. सगळ्यात जास्त वीज मे महिन्यात होईल असं वाटलं होतं. पण पॅनेल तापले की त्यांची क्षमता उतरते, पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के. कडक ऊन आणि गार हवा असे फेब्रुवारी-मार्चचे दिवस सगळ्यात चांगले, चौदाच्या वर युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये सहा-सातवर येतं, एखाद्या झडीच्या दिवशी दोनही होत नाही. त्या दिवसांत उन्हाळ्यातली जमा युनिटं कामी येतात. वर्षाची बेरीज चार हजारांच्या थोडी आत आली.

धुळीचं मात्र हातात आहे. आमच्या मागे बांधकाम चालू होतं, मार्चमध्ये बोट फिरवलं तर रेघ उमटायची. पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी सातच्या आत, नुसतं पाणी आणि मऊ मॉप. तापल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतायचं नाही, धुण्याची पावडर लावायची नाही. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात, त्यामुळे नळाचंच पाणी वापरते आणि धुतलेलं पाणी कुंड्यांना जातं. संक्रांतीला वीजरोधकाच्या टोकाला एक पतंग अडकला, तो काढायला विक्रेत्याच्या माणसाला बोलावलं. काठीने ओढू नका.

सोलर वॉटर हीटर आमच्याकडे आधीपासून होता, तो वेगळा आणि हे वेगळं. तरी "पाणी किती गरम होतं हो?" असं अजूनही विचारतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे फोन जास्त येतात, म्हणून तेही लिहिते. गच्ची सामाईक असेल तर सोसायटीच्या नावाने लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे या सामाईक मीटरसाठी सोलर बसवता येतं. त्याला किलोवॅटमागे १८,००० सबसिडी आहे, ५०० किलोवॅटपर्यंत. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, तेव्हा सुरुवात विक्रेत्यापासून न करता सेक्रेटरींपासून करा, आणि सामाईक मीटर अजून बिल्डरच्या नावावर आहे का ते आधी बघा. महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्यांसाठी आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी राज्य सरकारने 'स्मार्ट' नावाची वेगळी योजना काढली आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरासाठी तिची चौकशी सध्या चालू आहे. त्यांचंही मीटर सासऱ्यांच्याच नावावर आहे, आणि वारस पाच.